घरचा माउथवॉश: आंबट नको, तेलकट नको, शिळा नको

प्रश्न: आई ६२ वर्षांची आहे. तिला मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. तोंडाला वास येतो म्हणून दुकानातून माउथवॉश आणला, पण तो तिला फार झोंबतो. घरच्या घरी नैसर्गिक माउथवॉश करायचा आहे. मोबाईलवर लिंबू, व्हिनेगर, लवंग तेल, सोडा, कडुनिंब असं काय काय सांगतात. नक्की काय घ्यावं, किती घ्यावं आणि एकदा केला की किती दिवस टिकतो? हिरड्यांतून थोडं रक्त येतं, तेही थांबेल का? माझ्या ५ वर्षांच्या मुलाला तोच दिला तर चालेल का?

उत्तर:

किती दिवस टिकतो, हे आधी सांगते, कारण बाकीचं बरंचसं त्यावर ठरतं. घरचा माउथवॉश टिकत नाही आणि टिकवायचाही नसतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझा दातांचा दवाखाना आहे, २४ वर्षं झाली. मागे एका पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी सरबताच्या जुन्या बाटलीत कडुनिंब आणि तुळशीचा काढा घेऊनच आले. "तीन आठवडे रोज न चुकता वापरतोय बाई, पण तोंड येणं काही थांबेना." मी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी पांढुरका, कापसाच्या बोंडासारखा लोंबता तंतू हलत होता. झाकण उघडलं तर आंबूस वास. गुरुजींना तो वास औषधी वाटत होता! बुरशी आलेल्या पाण्याने माणूस दिवसातून दोनदा मन लावून चूळ भरत होता. काढा वाईट नव्हता, तो एकवीस दिवसांचा होता इतकंच.

दुकानातली बाटली वर्षभर राहते ती त्यात टिकवणारी रसायनं असतात म्हणून, आणि काही बाटल्यांत अल्कोहोलही असतो. आपल्या घरच्या काढ्यात पाणी आणि पाल्याचा अर्क, म्हणजे जंतूंसाठी आयती पेज. त्यामुळे नियम सोपा ठेवा. मिठाचं किंवा सोड्याचं पाणी ज्या दिवशी केलं त्याच दिवशी संपवा. पाल्याचा, मसाल्याचा काढा सकाळी केला तर रात्री उरलेला कुंडीत ओता. अगदीच हवं असेल तर फ्रीजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यापुढे नाही. आठवड्याचा घाणा एकदम काढायचा मोह होतो, मला कळतं; पण जे थोड्या वेळात होतं ते साठवायचं कशाला?

आता काय घालायचं नाही ते. ही यादी छोटी आहे, पण माझ्या खुर्चीत येणारे घरगुती उपायांचे बहुतेक बळी तिच्यातलेच असतात.

पहिलं लिंबू, आणि त्याच्या पंगतीला व्हिनेगर. आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे, दात आंबणे. कैरी खाल्ली, चिंच चोखली की दात आंबतात, मग पोळीही चावताना शिरशिरी येते. दाताच्या वरचं कवच, एनॅमल, साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो, व्हिनेगरचा ३ च्या आसपास किंवा त्याहून कमी. कैरी आपण वर्षातून चार दिवस खातो आणि लाळ ते निभावून नेते. पण रोज सकाळी अर्धा मिनिट लिंबूपाणी दातांवर खळखळवणं म्हणजे फरशीवर रोज अ‍ॅसिड ओतण्यासारखंच. माझ्याकडे येणारे एक बँकेतले गृहस्थ लिंबाची साल दातांवर चोळायचे आणि मग लिंबूपाण्याने चूळ भरायचे. पहिले काही दिवस दात चकचकीत दिसले म्हणून खूश होते. वर्षाने दात पिवळे पडले म्हणून आले. साहजिक आहे, वरचं पांढरं कवच झिजलं की आतलं पिवळसर डेंटिन दिसू लागतं. गेलेलं एनॅमल परत येत नाही. कोकमाच्या आगळाचंही तेच, पोटात घ्यायला उत्तम, चूळ भरायला नको.

दुसरं, सुगंधी तेलांचे थेंब. 'पेलाभर पाण्यात लवंग तेलाचे चार थेंब टाका' हे वाक्य तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि थेंब टाका. तेल विरघळत नाही, काही तवंग वर येतो, काही गोळे तळाला बसतात. मग एका घोटात तेल अजिबात नसतं आणि दुसऱ्या घोटात सगळं एकदम गालाला लागतं. लवंगेच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर जो एक ओळखीचा वास येतो, तो बराचसा याचाच, कारण आम्ही ते झिंक ऑक्साईडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट म्हणून भरतो. पण आम्ही ते दाताच्या खड्ड्यात घालतो, गालाला लावत नाही. अक्कलदाढ ठणकते म्हणून एका पोराने लवंग तेलात भिजवलेला कापसाचा बोळा रात्रभर गालात धरला. सकाळी गालाच्या आतला रुपयाएवढा भाग पांढराफटक, आणि चिमट्याने हलकंच धरलं तर दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटून आला. दाढ तशीच ठणकत होती, वर गालाची आग वेगळी. दालचिनीचं तेल याहून तापट, आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. निलगिरी, कापूर, टी ट्री ही तेलं लहान मुलाच्या पोटात थोडी गेली तरी झटके येण्यापर्यंत किंवा शुद्ध हरपण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अमृतधारेत कापूर असतो, तिची बाटली याच कारणासाठी वरच्या फळीवर ठेवा.

इथे एक गंमत सांगते. लिस्टरिन नावाचा माउथवॉश १८७९ मध्ये अमेरिकेत निघाला. त्यातल्या चार तेलकट द्रव्यांपैकी एक म्हणजे थायमॉल, आणि आपल्या ओव्याच्या वासाचा गाभाही थायमॉलच. किराणा दुकानात मिळणारं ओवाफूल म्हणजे तेच, स्फटिकरूपात. म्हणजे कल्पना परकी नाही. पण थायमॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मूळ लिस्टरिनमध्ये वीस टक्क्यांहून जास्त अल्कोहोल आहे. ज्याला आपण 'झोंबतो' म्हणतो ती त्या विरघळवण्याची किंमत. घरी आपल्याला अल्कोहोल वापरायचा नाही, म्हणून आपण तेल वापरत नाही, अख्खा मसाला उकळतो. अर्क सौम्य उतरतो, पण पाण्यात सारखा पसरलेला असतो.

खाण्याच्या सोड्याबद्दल एक धोक्याची सूचना. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, ढोकळ्यात घालतो तो. धुण्याचा सोडा वेगळा, पापडखार वेगळा आणि बेकिंग पावडर त्याहून वेगळी. धुण्याचा सोडा आणि पापडखार बरेच तीव्र असतात, तोंड सोलवटतं. बेकिंग पावडरमध्ये आम्ल मिसळलेलं असतं, तिचा उपयोग नाही. एका घरात सासूबाईंनी पापडखार वापरला होता, कारण 'सोडाच ना तो!' त्यांना चार दिवस पेज प्यावी लागली.

आणि हायड्रोजन पेरॉक्साईड. परदेशी कृतींत 'निम्मं पाणी घाला' असं लिहिलेलं असतं, कारण त्यांच्याकडे बाटली ३ टक्क्यांची असते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहसा २० व्हॉल्यूमची मिळते, म्हणजे ६ टक्के. तिच्यात तेवढंच पाणी घातलं तर द्रावण त्यांच्यापेक्षा दुप्पट कडक राहतं. ते नैसर्गिकही नाही. सोडून द्या.

तुरटी? न्हाव्याच्या दुकानातली तुरटी कातडी आवळते, हिरडीही आवळते, रक्त थांबल्यासारखं वाटतं. पण तुरटीचं पाणी आंबट असतं. कधीमधी एखाद्या दिवशी ठीक, रोजची सवय नको.

आता काय करायचं ते.

तुमच्या आईंसाठी मी सोडा-मिठाचं पाणी निवडेन. उकळून कोमट केलेलं २०० मिली पाणी, म्हणजे साधारण एक मोठं फुलपात्र. त्यात पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ. चमचा सपाट भरायचा, डोंगर करायचा नाही. ढवळा, पाणी दहा सेकंदांत स्वच्छ दिसायला हवं. चव थोडी साबणासारखी लागते, दोन दिवसांत सवय होते. हे पाणी झोंबत नाही, तोंडातला आंबटपणा मारतं, जिभेवरचा चिकट थर सैल करतं. केमोथेरपीत तोंड सोलवटलेल्या रुग्णांनाही याच धर्तीचं पाणी देतात, यावरून ते किती सौम्य आहे ते कळेल. गरोदरपणात उलट्या होणाऱ्या मुलींनाही मी हेच सांगते. उलटी झाली की लगेच ब्रश करू नका, पोटातल्या आम्लाने मऊ झालेलं एनॅमल ब्रशने खरवडलं जातं. आधी सोड्याच्या पाण्याने चूळ, अर्ध्या तासाने ब्रश.

रक्तदाबामुळे मीठ नको अशी शंका तुम्हाला येईल. थुंकायचं आहे, गिळायचं नाही, त्यामुळे चिमटीभर मिठाने काही होत नाही. तरी मन खात असेल तर मीठ वगळा, सोडा पुरतो.

नुसत्या मिठाच्या पाण्याचं काम वेगळं. दाढ काढल्यावर, हिरडी दुखावल्यावर, तोंड आल्यावर ते उत्तम. प्रमाण मात्र बहुतेक जण चुकवतात. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, शरीरातल्या पाण्याशी मिळतंजुळतं. त्या हिशेबाने २०० मिलीला जेमतेम २ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा, फार तर अर्धा. लोक मूठभर घालतात, आमटीला घालावं तसं, आणि मग आग होते म्हणून सोडून देतात. सैंधव, खडे मीठ, बारीक मीठ, काहीही घ्या, खडा पूर्ण विरघळला पाहिजे एवढंच. दाढ काढली असेल तर पहिले २४ तास चूळच भरायची नाही, कुठलीच. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून गेली तर तिसऱ्या दिवशी जो ठणका लागतो तो मूळ दाढेच्या दुखण्यापेक्षा वाईट असतो. दुसऱ्या दिवसापासून मीठपाणी हलकेच तोंडात फिरवायचं, खळखळवायचं नाही.

काढा हवाच असेल, आणि 'नैसर्गिक' म्हटल्यावर तुमच्या मनात तोच असणार, तर माझ्या घरातला सांगते. एक चहाचा चमचा ओवा, दोन लवंगा, पेरूची चार-पाच कोवळी पानं. पानं नीट धुऊन हाताने फाडून घ्यायची. स्टीलच्या पातेल्यात दोन फुलपात्रं पाणी, त्यात हे सगळं घालून मंद आचेवर दीड फुलपात्र होईपर्यंत उकळायचं. गॅस बंद केला की लगेच झाकण. ही पायरी चुकवू नका, ओव्याचा वास उडून स्वयंपाकघरात गेला तर पातेल्यात काय उरलं? पूर्ण निवल्यावर पांढऱ्या धुतलेल्या फडक्यातून गाळा. गाळणीने ओव्याचा भुसा राहतो आणि तो दातांच्या फटीत बसतो. रंग फिक्कट चहासारखा येतो. तोंडात घेतला की आधी तुरट, मग जिभेच्या टोकाला ओव्याची किंचित चुणचुण. तुरटपणा पेरूच्या पानांतल्या टॅनिनचा. गावाकडे दाढ दुखली की पेरूचं पान चावायला सांगतात, ते उगीच नाही.

त्रिफळ्याचंही पाणी चांगलं. आमच्याकडच्या दंतमहाविद्यालयांत त्रिफळ्याच्या चुळा आणि क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक माउथवॉशचं औषध यांची तुलना करणारे लहान-लहान अभ्यास बरेच झालेत आणि दातांवरचा थर कमी होण्याच्या बाबतीत त्रिफळा बरा ठरलेला दिसतो. अर्धा चमचा चूर्ण फुलपात्रभर पाण्यात रात्री भिजत घाला, सकाळी फडक्याने गाळून घ्या. त्यातला हिरडा आपल्या सह्याद्रीतलाच, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबं तो गोळा करतात. भांडं लोखंडी नको. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, मिळून शाई करत. लोखंडी कढईत त्रिफळा उकळलात तर तीच शाई तोंडात घ्याल. पण तुरट काढ्यांनी दातांवर हळूहळू तपकिरी छटा येते, चहा पिणाऱ्यांना लवकर. म्हणून काढा आठवड्यातून दोन-तीनदा आणि बाकी दिवस सोड्याचं पाणी, असं मी करते.

कडुनिंबाचा पाला याच पद्धतीने उकळता येतो, कडूपणा सोसवत असेल तर. पाला म्हणाले, निंबोळीचं तेल नव्हे; ते तोंडात घेऊ नये. मध, गूळ, साखर चवीसाठीसुद्धा घालू नका. मधुमेह तर आहेच, पण दात किडवायला मधुमेह लागत नाही.

तेलाच्या चुळांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. आयुर्वेदात गंडूष आणि कवल असे दोन प्रकार सांगितलेत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला २२वा अध्याय याच विषयाचा आहे. तोंड हलवता येणार नाही इतकं भरायचं तो गंडूष, हलवता येईल इतकं घ्यायचं तो कवल. तीळतेलाने कोरड्या तोंडाला बरं वाटतं हे खरं. पण म्हाताऱ्या माणसाला ठसका लागून तेल फुप्फुसात गेलं तर महागात पडतं. पंधरा मिनिटं वगैरे नको, दोन मिनिटं पुरे. आणि खोबरेल तेल बेसिनमध्ये थुंकू नका, थंडीत पाईपमध्ये गोठतं. आमच्या घरी प्लंबर आल्यावर हे ज्ञान मिळालं.

भरायची कशी तेही सांगते, कारण चूळ आणि गुळणी यांत लोक गल्लत करतात. गुळणी घशासाठी, मान वर करून. आपल्याला हवी ती चूळ, ओठ मिटून, दातांच्या फटींतून पाणी इकडून तिकडे ढकलत. दोन-तीन चमचे पाणी घ्यायचं, तोंड ठिच्च भरायचं नाही, हलायला जागा हवी. अर्धा मिनिट. आणि वेळ? ब्रश केल्याकेल्या नाही. टूथपेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराईड दातांवर राहायला हवं, त्यावर लगेच सोड्याचं पाणी फिरवलं की ते धुऊन जातं. ब्रश झाला की फेस थुंका, हवं तर एक घोट पाणी, बस्स. माउथवॉश दुपारच्या जेवणानंतर घ्या. आपल्या आज्या जेवल्यावर आचवायला उठायच्या, हात-तोंड खळखळून धुवायच्या. ती वेळ बरोबर होती. घरच्या कुठल्याही चुळेत फ्लोराईड नसतं, म्हणून ती टूथपेस्टच्या जागी येऊ शकत नाही, तिच्या जोडीला येते.

आता आईंकडे वळते, कारण माउथवॉश हा तुमच्या प्रश्नाचा छोटा भाग आहे. वास येतोय, तो कुठून येतो ते आधी बघा. स्टीलचा चमचा उलटा करा, त्यांच्या जिभेच्या अगदी मागच्या भागावरून हलकेच पुढे ओढा. चमच्यावर पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर येईल. दहा सेकंद थांबून वास घ्या. बहुतेकांच्या तोंडाचा वास पोटातून येत नाही, तिथूनच येतो, जिभेच्या मागच्या बाजूला राहणारे जंतू गंधकाचे वायू सोडतात. चमच्याला वास आला तर उपाय जिभली, तांब्याची किंवा स्टीलची. सकाळी मागून पुढे तीन-चार वेळा, ओकारी येणार नाही इतकीच आत. सोड्याची चूळ मात्र दुपारच्या जेवणानंतरच. माउथवॉशने जे महिनाभरात होत नाही ते जिभलीने चार दिवसांत होतं, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

चमच्याला फार वास नाही आणि तोंड कोरडं वाटतं, रात्री पाण्याची बाटली उशाशी लागते, सुकी पोळी घशाखाली उतरत नाही, असं असेल तर कारण लाळेत आहे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तीच खरं तर फुकटचा माउथवॉश. साखर वाढलेली असली की लाळ कमी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही होते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. अशा तोंडाला अल्कोहोलचा माउथवॉश आणखी कोरडं करतो, म्हणूनच आईंना तो इतका झोंबला असावा. जेवणानंतर साधी बडीशेप चावायला द्या, रंगीत साखरेचं कवच असलेली नको. साखर वाढून, उलट्या होऊन, श्वास जोरजोरात चालू आहे आणि तोंडाला नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा गोडसर वास येतोय, असं कधी झालं तर मात्र चुळा भरत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

कवळी आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची. मधुमेहात कवळीखाली बुरशी धरते, टाळू लालभडक होतो, वासही येतो. तिथे काढ्याने भागत नाही, औषध लागतं.

आणि राग मानू नका, पण विचारतेच: आई मिश्री लावतात का? आमच्या भागात ६० च्या पुढच्या कितीतरी बायका लावतात आणि लेकासमोर कबूल करत नाहीत. मी विचारलं की उत्तर येतं, "तंबाखू नाय हो बाई, नुसती मिश्री." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला म्हणून सुरू होते आणि मग दिवसातून चारदा बोट हिरडीवर फिरतं. त्याने हिरडी खाली सरकते, वास येतो आणि पुढे कॅन्सरचा धोकाही असतो. तोंडात दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट खाताना होणारी आग, तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, उभी तीन बोटं मावत नाहीत, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवून घ्या. हे त्यांना एकट्यात विचारा, सुनेसमोर नको.

रक्ताचं उत्तर छोटं आहे. माउथवॉशने थांबणार नाही. हिरडीतून रक्त येतं ते दाताच्या मुळाशी किटण साचल्यामुळे. किटण म्हणजे दगड झालेला थर, पाण्याच्या टाकीला क्षार धरतात तसा. सोडा, त्रिफळा, कडुनिंब, कशानेही तो विरघळत नाही. विरघळवेल असं काही सापडलं तर ते दातही विरघळवेल. तो यंत्राने काढावा लागतो, त्याला स्केलिंग म्हणतात. 'स्केलिंगने दात हलतात' असं आई म्हणतील. दात आधीच हललेले असतात, किटणाने ते लिंपून धरलेले असतात, इतकंच. मधुमेहात तर हे लवकर करा. हिरड्यांची सूज आणि रक्तातली साखर एकमेकांना वाढवतात. हिरड्या सुधारल्यावर साखर ताब्यात यायला मदत झाल्याचं मी माझ्या रुग्णांत पाहिलंय आणि मधुमेहाचे डॉक्टरही आता हे सांगू लागलेत. जाण्याआधी एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, ताजा रिपोर्ट बरोबर ठेवा, सकाळची गोळी आणि नाश्ता चुकवू नका.

घरी आणलेली ती झोंबणारी बाटली फेकायच्या आधी तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के' असं असेल तर ते औषध आहे, रोजची सवय नव्हे. हिरड्यांच्या उपचारानंतर आम्ही ते सहसा दोन आठवडे देतो. १० मिली, दिवसातून दोनदा, टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधल्या फेसाने त्याचा जोर जातो. लोकांना मात्र ते एकदा लिहून दिलं की वर्षानुवर्षं दुकानातून आणत राहतात, मग दात चहाच्या किटलीसारखे तपकिरी होतात आणि जेवणाची चव जाते. स्केलिंगनंतर तुमच्या डॉक्टरांनी दिलं तर तेवढे दिवस तेच वापरा, घरचा काढा तेव्हा बाजूला ठेवा.

राहिला तुमचा मुलगा. ५ वर्षांच्या मुलाला माउथवॉश नको, घरचा नको आणि दुकानातलाही नको. या वयात थुंकायचं म्हणून घेतलेलं बरंचसं पोटात जातं. त्याला जेवल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायला शिकवा. शिकला का ते बघायचं असेल तर औषधाच्या मापाने १० मिली साधं पाणी द्या, खळखळवायला सांगा आणि वाटीत थुंकायला लावा, मग वाटीतलं पाणी परत मापात ओता. माझ्या भाच्याचं पहिल्या दिवशी ४ मिली परत आलं होतं. बाकीचं कुठे गेलं विचारलं तर म्हणाला, "गोड होतं."